ब्लॅकमोर आणि नंतरचे

डीप पर्पलच्या मुरलेल्या चाहत्याला ‘तुम्हाला डीप पर्पल आवडतो का हो?’ असं कधी विचारू नये. तो चष्मा नाकावर सरळ करतो आणि उलट आपल्यालाच विचारतो, ‘कितवा?’

वास्तविक बँड एकच. १९६८ साली इंग्लंडमधल्या हर्टफर्डला निघाला आणि मधली आठ वर्षं सोडली तर अजून चालू आहे. नावही एकच, आणि तेही कुणा बंडखोराच्या डोक्यातून निघालेलं नाही. ‘डीप पर्पल’ हे गिटारवादक रिची ब्लॅकमोरच्या आजीचं आवडतं जुनं गाणं. ‘ते बसवलंत का रे?’ असं ती नातवाला सारखी विचारायची, म्हणून तेच नाव बँडला दिलं. पण या नावाखाली माणसं इतकी आली, भांडून गेली, परत आली आणि पुन्हा भांडून गेली, की चाहत्यांना हिशेबासाठी क्रमांक द्यावे लागले. मार्क वन, मार्क टू, मार्क थ्री. सध्या मार्क नाइन चालू आहे. त्यातला मार्क टू तीनदा झाला: १९६९ ते ७३, मग १९८४ ते ८९, मग १९९२-९३. म्हणजे मार्क फोरनंतर आला मार्क टू, त्यानंतर मार्क फाइव्ह, मग पुन्हा मार्क टू, आणि लगेच मार्क सिक्स. शाळेत दोन शाहू, दोन बाजीराव आणि दोन माधवराव पाठ करताना ज्यांची दमछाक झाली, त्यांनी या वाटेला जाऊ नये.

नऊच्या नऊ मार्कांना वकील आहेत, पण खटला खरा एकच चालतो: गिटार कुणाची? गायक बदलले, बेसवाले बदलले, ऑर्गनवर जॉन लॉर्ड गेला आणि डॉन एअरी आला. त्यावर लोक मतं देतात, पण आवाज चढत नाही. विषय गिटारवर आला की चहा तसाच राहतो.

मुंबई-पुण्याकडे या बँडचे चाहते मोजकेच असले तरी पंथ पुरेसे आहेत. माझ्या ओळखीचे एक काका बँकेतून निवृत्त झालेत. ते कट्टर ब्लॅकमोरवादी. त्यांच्या मते डीप पर्पल १९७५ साली ब्लॅकमोर सोडून गेला तेव्हा संपला, १९८४ साली तो परत आला तेव्हा पुन्हा सुरू झाला आणि १७ नोव्हेंबर १९९३ रोजी हेलसिंकीत तो शेवटचा वाजवून गेला, त्या रात्री कायमचा संपला. त्यानंतर तीस वर्षं त्याच नावानं जगभर हिंडताहेत ते कोण, असं विचारलं तर काका म्हणतात, ‘असतील कुणीतरी.’ दुसरे एक डॉक्टर आहेत, दातांचे. ते स्टीव्ह मॉर्सच्या बाजूचे. तिसरा इंजिनिअरिंगला असलेला मुलगा. तो टॉमी बोलिनची बाजू घेतो, कारण बोलिनची बाजू दुसरं कुणीच घेत नाही.

या तिघांचं एका गोष्टीवर मात्र एकमत आहे: ‘मेड इन जपान’. ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाकात दोन आणि टोकियोच्या बुडोकानमध्ये एक असे तीन कार्यक्रम झाले, त्यांतून निवडून काढलेला हा दोन तबकड्यांचा अल्बम. थोर लाइव्ह अल्बमांची यादी कुणीही केली तरी त्यात तो असतोच. आणि बँडला तो काढायचाच नव्हता! लाइव्ह रेकॉर्ड म्हणजे दुय्यम माल, असं त्यांचं मत होतं. जपानी कंपनीनं फारच आग्रह धरला, तेव्हा आमचा रेकॉर्डिस्ट मार्टिन बर्च सोबत येईल आणि रेकॉर्ड जपानपुरतीच राहील, या बोलीवर ते तयार झाले. गायक इयान गिलनचा घसा त्या दिवसांत धड नव्हता. पुढे मिक्सिंगला पाचातले दोनच जण फिरकले, बेसवाला रॉजर ग्लोव्हर आणि ड्रमवाला इयान पेस. ज्या सोलोंवर लोकांनी पुढची पन्नास वर्षं डोकी फोडली, ते कसे ऐकू येताहेत हे पाहायला खुद्द ब्लॅकमोर गेला नाही. आणि मुखपृष्ठावरचा तो प्रसिद्ध रंगीत फोटो? तो जपानमधला नाहीच. लंडनमधला आहे. त्यात पुढच्या प्रेक्षकांत फिल कॉलन नावाचा एक पोरगा दिसतो, तो मोठेपणी डेफ लेपर्डमध्ये गिटार वाजवायला लागला. माल जपानचा, वेष्टण लंडनचं.

पण हे एकमत तारखेपर्यंतच टिकतं. मूळ अल्बमवर सात गाणी. त्यातली चार १६ ऑगस्टची, दोन १७ची आणि ‘स्मोक ऑन द वॉटर’ तेवढं १५ तारखेचं. १९९३ साली तिन्ही रात्रींचं बरंचसं वादन तीन सीडींवर बाहेर आलं आणि इतकी वर्षं गुण्यागोविंदानं नांदणाऱ्या घरात वाटण्या झाल्या. ‘पहिल्या रात्रीचा हायवे स्टार ऐकलास का?’ ‘ऐकला. बोटं अजून गरम झालेली नाहीत.’ ‘बोटं गरम नाहीत? कुणाची? ब्लॅकमोरची?’ काका १५ तारखेच्या बाजूनं, डॉक्टर १६च्या. काकांचा युक्तिवाद असा, की तो आपल्या स्वातंत्र्याचा रौप्यमहोत्सवी दिवस होता. त्याचा ओसाकातल्या गिटारशी काय संबंध, हे आजवर त्यांना कुणी विचारलेलं नाही, कारण विचारलं तर ते सांगतील.

याच अल्बमवर गिलन ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्याला सांगतो, की सगळंच सगळ्यापेक्षा मोठ्यानं वाजू दे. हा विनोद होता असं मानतात. माझ्या मते तो बँडचा जाहीरनामा होता. त्याच १९७२ साली लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये त्यांचा आवाज ११७ डेसिबलपर्यंत मोजला गेला, प्रेक्षकांतले तिघे बेशुद्ध पडले आणि जगातला सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड म्हणून गिनेसच्या पुस्तकात त्यांची नोंद झाली. प्रत्येकाला दुसऱ्यापेक्षा मोठं वाजायचं होतं. अशी पाच माणसं एका व्हॅनमध्ये बसवली तर क्रमांक वाढत जाणारच.

आता काकांच्या दैवताबद्दल. ब्लॅकमोर थोर आहे, याबद्दल डॉक्टरांनाही शंका नाही. गिटार हातात धरलेल्या जगातल्या प्रत्येक पोरानं पहिल्या आठवड्यात ‘स्मोक ऑन द वॉटर’ची रिफ वाजवून शेजाऱ्यांचा अंत पाहिलेला असतो, आणि त्यातल्या बहुतेकांनी ती चुकीची वाजवलेली असते. दोन तारा एकदम, पिकनं नव्हे, बोटांनी छेडायच्या असतात. ही माहिती काका लग्नाच्या पंगतीतसुद्धा देतात. ती रिफ म्हणजे बेथोवनची पाचवी सिंफनी उलटी केलेली आहे, असं ब्लॅकमोरनं एकदा ठोकून दिलं होतं. काकांनी ती सिंफनी आणून ऐकली. ‘आहे साम्य,’ म्हणाले.

पण माणूस म्हणून ब्लॅकमोर म्हणजे अवघड प्रकरण. ६ एप्रिल १९७४ रोजी कॅलिफोर्निया जॅम नावाचा प्रचंड महोत्सव झाला, ऑन्टॅरिओच्या मोटर स्पीडवेवर, दोन लाखांवर गर्दी. कार्यक्रम चक्क वेळेआधी चालला होता आणि ब्लॅकमोरला अंधार पडतानाच मंचावर जायचं होतं. तो खोलीतून बाहेर येईना. अखेर आला. टीव्हीचा कॅमेरा त्याच्या आणि प्रेक्षकांच्या मध्ये फार घुसायला लागला, तेव्हा त्यानं गिटारच कॅमेऱ्याच्या भिंगात घातली. मग पेट्रोल ओतून ठेवलेल्या ॲम्प्लिफायरचा स्फोट केला. त्या धमाक्यात ड्रमवर बसलेल्या पेसचा चष्मा उडाला. नंतर ब्लॅकमोरला हेलिकॉप्टरनं तिथून पळवावं लागलं. कॅमेऱ्यांशी हे वैर पुढेही राहिलं. ९ नोव्हेंबर १९९३ ला बर्मिंगहॅममध्ये पहिलंच गाणं ‘हायवे स्टार’ सुरू झालं आणि गिटारवादक मंचावर नाहीच! बाकीचे चौघे वाजवताहेत, गाताहेत. सोलोची वेळ झाली तेव्हा स्वारी आली, आणि थोड्याच वेळात एका कॅमेरावाल्यावर पाणी फेकून झालं. हे सगळं चित्रित होत होतं आणि पुढे विकायलाही आलं. आठ दिवसांनी त्यानं बँड सोडला, तोही जपानचा दौरा तोंडावर असताना.

काकांना यात वावगं काहीच दिसत नाही. ‘कलावंत आहे तो. कारकून नाही.’ कारकुनी इमानेइतबारे छत्तीस वर्षं केलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकताना मला नेहमी भरून येतं.

खरी मजा इथून पुढे आहे. ब्लॅकमोरनंतर जो कुणी त्या जागेवर उभा राहिला, त्याची परीक्षा एकाच पेपरात घेतली गेली: तू ब्लॅकमोरचा सोलो कसा वाजवतोस? हुबेहूब वाजवला तर ‘नक्कल करतो.’ बदलून वाजवला तर ‘हा कोण मोठा लागून गेला?’ अर्धा तसाच ठेवून अर्धा बदलला तर ‘धड ना इकडे, ना तिकडे.’ या पेपरात पास होण्याची सोय ठेवलेलीच नाही. आणि ज्यानं हा पेपर काढला, त्या ब्लॅकमोरची ख्यातीच मुळी अशी, की तो एक सोलो दोन रात्री सारखा वाजवायचा नाही. ‘हायवे स्टार’चा सोलो त्यानं रेकॉर्डसाठी सूर न् सूर जुळवून बांधला होता, त्यामुळे त्याचा आराखडा तरी तो बराचसा पाळायचा. बाकी सगळी लहर. एका रात्री ‘स्पेस ट्रकिन’ वीस मिनिटं चालायचं आणि दुसऱ्या रात्री कुठे निघून जायचं ते त्याचं त्यालाच ठाऊक. तीन रात्रींच्या जपानी रेकॉर्डिंगवर चाहते भांडू शकतात, ते तिन्ही रात्री वेगळ्या आहेत म्हणूनच. म्हणजे ज्या माणसानं स्वतःच्या सोलोशी कधी इमान राखलं नाही, त्याच्या सोलोशी बाकी सगळ्यांनी इमान राखावं अशी मागणी आहे. हा मुद्दा मी एकदा काकांसमोर मांडला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, ‘तो बदलायचा ते त्याचं त्यानं बदलायचं. ह्यांनी का बदलायचं?’ कायद्याच्या दृष्टीनं बिनतोड आहे.

पहिला बळी गेला तो टॉमी बोलिन. अमेरिकन, विशीतला, गुणी. ड्रमवादक बिली कॉबमच्या ‘स्पेक्ट्रम’वर त्यानं वाजवलेली गिटार ऐकून आजही जाणकार मान डोलावतात. १९७५ साली ब्लॅकमोरच्या जागी तो आला. त्याच्यासोबतचा ‘कम टेस्ट द बँड’ हा अल्बम चांगला आहे. आमचा इंजिनिअर तर तो सर्वोत्तम मानतो, पण त्याचं वय लक्षात घ्यावं. स्टुडिओत जे जमलं ते मंचावर जमेना. प्रेक्षक ब्लॅकमोरच्या नावानं ओरडायचे. त्यात व्यसनं. डिसेंबर १९७५ मध्ये जकार्ताहून बँड टोकियोला पोचला तेव्हा बोलिनचा हात बधिर झाला होता, आणि कार्यक्रम होता बुडोकानमध्ये. त्याच बुडोकानमध्ये, जिथे ‘मेड इन जपान’ची दोन गाणी रेकॉर्ड झाली होती. गिटारच्या जागा जॉन लॉर्डनं ऑर्गनवर भरून काढल्या, आणि कंपनीनं तेही रेकॉर्ड करून ठेवलं. पुढे ते ‘लास्ट कॉन्सर्ट इन जपान’ म्हणून विकायला आलं. म्हणजे या बँडचं सर्वांत नावाजलेलं लाइव्ह काम आणि सर्वांत नावं ठेवलं गेलेलं लाइव्ह काम यांचं छप्पर एकच.

‘काका, त्याचा हात चालत नव्हता. आजारी माणसाला असं बोलू नये.’

‘मी त्याच्या हाताबद्दल बोलतच नाहीये. ज्यांचे हात धड होते त्यांनी रेकॉर्ड काढली कशाला, असं विचारतोय.’

मार्च १९७६ मध्ये लिव्हरपूलला शेवटचा कार्यक्रम करून बँड फुटला. त्याच वर्षी ४ डिसेंबरला मायामीत बोलिन गेला. पंचवीस वर्षांचा होता. ४ डिसेंबरलाच, १९७१ साली, माँट्रोचा कॅसिनो फ्रँक झॅपाच्या कार्यक्रमात जळाला होता, आणि त्या धुरावरच बँडचं सर्वांत प्रसिद्ध गाणं उभं आहे. १९९३ साली झॅपा वारला तोही ४ डिसेंबरला. हे तिन्ही योग आमचा इंजिनिअर एका दमात सांगतो आणि त्यानंतर थोडा वेळ कुणी कुणाशी भांडत नाही.

थोडाच वेळ. कारण मग कुणीतरी बदली कामगारांचा विषय काढतो. एप्रिल १९७२ मध्ये ब्लॅकमोरला कावीळ झाली, तेव्हा क्यूबेकच्या एका कार्यक्रमापुरता ‘स्पिरिट’ बँडचा रँडी कॅलिफोर्निया उभा राहिला. त्याआधी १९७० साली टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओला ब्लॅकमोर आजारी पडला आणि एक स्थानिक मुलगा त्याच्या जागी वाजवून गेला, अशी हकिकत आहे. सांगणारा तो मुलगाच, ख्रिस्तोफर क्रॉस. पुढे तो ‘सेलिंग’सारखी हळुवार गाणी म्हणून ग्रॅमी घेऊन गेला. प्रश्न असा, की अशा एकेका संध्याकाळीला मार्क क्रमांक द्यायचा की नाही? कट्टर मंडळींचं म्हणणं, नाही. मग १९९३-९४ मध्ये जेमतेम काही महिने वाजवलेल्या जो सॅट्रिआनीला मार्क सिक्स कसा मिळाला? सॅट्रिआनी स्वतः मोठा माणूस. स्टीव्ह व्हाय आणि मेटॅलिकाचा कर्क हॅमेट हे त्याचे विद्यार्थी. ब्लॅकमोर ऐन वेळी गेल्यावर तो थोडक्या दिवसांत सगळी गाणी बसवून जपानला उभा राहिला आणि पुढच्या उन्हाळ्यात युरोप करून आपल्या कामाला निघून गेला. त्याचा स्टुडिओ अल्बम एकही नाही. तरी क्रमांक आहे. हंगामी नोकराला कायम केल्याची खंत काकांना आजही आहे.

आणि बनावट डीप पर्पलचं काय? हे खरंच घडलेलं आहे. १९८० साली बँड बंद असताना मार्क वनचा गायक रॉड इव्हान्स चार अनोळखी वादक घेऊन डीप पर्पल या नावानं मेक्सिकोत आणि अमेरिकेत कार्यक्रम करायला लागला. लोक तिकिटं काढून आत गेले आणि आत भलतेच लोक! प्रकरण कोर्टात गेलं, इव्हान्सला ६,७२,००० डॉलर भरपाईचा हुकूम झाला आणि त्यानंतर तो जो दिसेनासा झाला तो झालाच. काकांचं सगळं आयुष्य ‘ब्लॅकमोर नसेल तो डीप पर्पल खोटा’ या सिद्धांतावर उभं आहे. त्यांना विचारलं, मग हा खोटा आणि मॉर्सवाला खोटा यांत फरक काय? काका म्हणाले, ‘हे चोर निदान एका वर्षात पकडले गेले.’

त्यावर डॉक्टर उठून गॅलरीत गेले.

डॉक्टरांचा राग मी समजू शकतो. स्टीव्ह मॉर्स नोव्हेंबर १९९४ मध्ये मेक्सिकोत पहिल्यांदा या बँडसोबत वाजला आणि २०२२ पर्यंत राहिला, तोही पत्नीच्या कॅन्सरच्या आजारपणात तिच्याजवळ राहायचं म्हणून सोडून गेला. ब्लॅकमोरच्या दोन्ही पाळ्या मिळून भरतात सोळा वर्षं. मॉर्सची झाली सत्तावीसहून जास्त, सलग, आणि एकाही कॅमेऱ्याला इजा न करता. मॉर्स हा अमेरिकन दक्षिणेतला, डिक्सी ड्रेग्ज या बँडचा कर्ता माणूस. मध्यंतरी संगीत बाजूला ठेवून त्यानं प्रवासी विमानंही चालवली होती. त्याची गिटारही वैमानिकाला शोभेल अशीच. साध्या गिटारला दोन-तीन पिकअप असतात, याच्या गिटारला चार. असा माणूस आल्यावर बँड हसायला लागला, हे १९९६च्या ‘परपेंडिक्युलर’ या अल्बमवर ऐकू येतं. डॉक्टरांचं सगळं म्हणणं एवढंच: ‘इतकी वर्षं चांगली नोकरी केली हो त्यानं. त्याला अजून “नवीन गिटारिस्ट” म्हणतात!’ २०१६ साली अमेरिकेतल्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमनं डीप पर्पलला आत घेतलं, तेव्हा नावांची यादी आठ जणांची होती. त्यात ब्लॅकमोर होता, तो गेला नाही. बनावट बँड काढणारा रॉड इव्हान्स होता, तो सापडला नाही. मॉर्स त्या वेळी बँडमध्ये प्रत्यक्ष वाजवत होता, त्याचं नाव यादीत नव्हतं. बोलिनचंही नव्हतं. त्या दिवसापुरते डॉक्टर आणि इंजिनिअर एका पक्षात होते.

आपल्याकडच्या वादाला एक जास्तीचा पीळ आहे, तो बाहेरच्यांना कळायचा नाही. डीप पर्पल १९९५ साली मुंबईत वाजला. शहराचं नाव बॉम्बेचं मुंबई झालं तेच हे साल. गिटारवर अर्थातच मॉर्स होता, बँडमध्ये येऊन वर्षही न झालेला. म्हणजे आपल्या गावात बसून ज्यांनी हा बँड डोळ्यांनी पाहिला, त्यांनी मॉर्सलाच पाहिला. इथल्या ब्लॅकमोरवाद्यांचा ब्लॅकमोर सगळा तबकड्यांतला, मित्राकडून भरून घेतलेल्या कॅसेटमधला आणि काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये उभ्या उभ्या चाळलेल्या मुखपृष्ठांवरचा. काका त्या कार्यक्रमाला गेले होते का? गेले होते. ‘मग कसा वाटला मॉर्स?’ ‘त्याच्याकडे बघायला गेलोच नव्हतो. बाकीच्या चौघांना बघायला गेलो होतो.’

त्या कार्यक्रमाचं चित्रण पुढे ‘बॉम्बे कॉलिंग’ या नावानं निघालं, आणि या नावात एक जुनी चोरी लपलेली आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘इट्स अ ब्युटिफुल डे’ या बँडची १९६९ची एक गाणं नसलेली, नुसती वाद्यांची रचना आहे, तिचं नाव ‘बॉम्बे कॉलिंग’. व्हायोलिनवर वाजणारी तिची सुरावट डीप पर्पलनं उचलली, संथ केली आणि तिच्यावर ‘चाइल्ड इन टाइम’ उभं केलं, जे ऐकताना काका आजही डोळे मिटतात. गिलननं हे लपवलेलं नाही. त्या अमेरिकन मंडळींनीही डीप पर्पलची एक जुनी रचना परस्पर वापरून फिटंफाट केली. आता काकांपुढे पेच असा, की जगातला सर्वोत्तम लाइव्ह अल्बम, त्यावरचं सर्वांत भावलेलं गाणं, आणि त्याचा पाया कॅलिफोर्नियातल्या कुणाच्या तरी व्हायोलिनवर, तोही आपल्या शहराच्या नावाचा. ‘म्हणजे मूळ आपलंच,’ काका म्हणाले. ज्या विषयात आपलं काहीच नाही त्यात हक्क सांगायला एवढा धागा पुरतो.

ब्लॅकमोर स्वतः या सगळ्यात कुठे आहे? तो बायकोबरोबर ‘ब्लॅकमोर्स नाइट’ या नावानं जुन्या युरोपच्या दरबारी चालीची गाणी वाजवतो. पायांत उंच बूट, अंगावर मध्ययुगीन पोशाख. १९९७ पासून त्याचं तेच चाललंय. ॲम्प्लिफायर पेटवणाऱ्या माणसाचं पुढचं पाऊल हे असेल, असं कुणालाही वाटलं नव्हतं. मधे २०१६ साली रेनबो या आपल्या जुन्या बँडच्या नावानं तो थोडे कार्यक्रम करून गेला, तेव्हा काकांनी आठवडाभर रोज दाढी केली. पुन्हा सगळं शांत.

डीप पर्पलनं मात्र २०१७ साली ‘द लाँग गुडबाय’ नावाचा निरोपाचा दौरा काढला. आपल्याकडे पाहुणे ‘येतो हं’ म्हणून उठतात, चपला घालतात आणि मग दारात तासभर बोलत उभे राहतात, तसं यांचं झालं. निरोप चालूच आहे. मध्येच मॉर्स गेला, बेलफास्टचा सायमन मॅकब्राइड आला, २०२४ मध्ये नवा अल्बमही निघाला. मॅकब्राइडचा जन्म १९७९चा. ‘मेड इन जपान’ त्याच्यापेक्षा वयानं मोठा. तो आला आणि एक नवल घडलं. पहिल्या वर्षभरातच डॉक्टर त्याच्याबद्दल म्हणाले, ‘ठीक आहे, पण मॉर्ससारखं नाही.’ हे वाक्य त्यांनी सत्तावीस वर्षं दुसऱ्या नावासकट ऐकून घेतलं होतं. काकांनी त्यांच्याकडे एकदाच पाहिलं आणि स्वतःच्या हातानं चहा पुढे केला.

माझं मत विचाराल, तर या भांडणात एका माणसाकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष झालंय. मार्क वनपासून मार्क नाइनपर्यंत, तिन्ही मार्क टू धरून, प्रत्येक लाइन-अपमध्ये असलेला माणूस एकच आहे. तो इयान पेस. डावखुरा ड्रमवादक, चष्मा उडाला तरी ताल न सोडलेला. मिक्सिंगला गेलेल्या दोघांतला एक. त्याच्यावर वाद घालायला आजवर कुणी तयार झालेलं नाही, कारण दुसरी बाजूच नाही. तेव्हा डीप पर्पलचा उत्तम काळ कोणता, याचं उत्तर सोपं आहे: ड्रमवर पेस होता तो. ज्यांची हरकत असेल त्यांनी काकांशी बोलावं. संध्याकाळी सातनंतर ते घरीच असतात, फक्त बेल जोरात वाजवावी लागते.